धडधाकट माणसाला बुरशी कशी होईल?

"मला ना शुगर, ना बीपी. रोज रानात राबतो. मग बुरशी कुठनं झाली?" बुरशीचं निदान ऐकल्यावर बहुतेक जण हेच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये कोरोनामागोमाग काळी बुरशी आली, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बुरशी होते ती मधुमेहवाल्याला, स्टेरॉइड घेतलेल्याला, दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्याला. बहुतांशी ते खरंही आहे. पण शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या फडात किंवा आजरा-चंदगडच्या भातखाचरात काम करणाऱ्यानं तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. इथं बुरशीला आत शिरायला एक ओरखडा पुरतो.

जगात बुरशीच्या दीड लाखाच्या आसपास जातींची नोंद झाली आहे. त्यातल्या माणसाला आजार करणाऱ्या काही शेच. बाकीच्यांना आपल्या अंगातली ऊब सोसत नाही. ३७ अंशांवर त्यांची वाढच होत नाही. शिवाय कातडी शाबूत असली की त्यांना वाट मिळत नाही, आणि चुकून मिळालीच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी समाचार घेतात. या तिन्ही गोष्टी एकदम लंगड्या पडतात अशा जागा शरीरात थोड्या आहेत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, ही त्यातली पहिली. तिथं रक्तवाहिन्या नाहीत, आणि तो सतत उघड्या हवेत असल्यानं बाकी शरीरापेक्षा थंड असतो. दुसरी जागा पावलं. तीही थंड, आणि कायम मातीत. कोल्हापूरकडच्या माणसानं या दोन जागांची माहिती नीट करून घेतली तरी निम्मं काम होतं.

२०२३ मध्ये कोलकात्याच्या एका ६१ वर्षांच्या वनस्पतीबुरशीतज्ज्ञाची बातमी सगळीकडं फिरली होती. झाडांना 'सिल्व्हर लीफ' रोग करणारी कोंड्रोस्टेरियम पर्प्युरियम नावाची बुरशी त्यांच्या घशाजवळच्या गळवात सापडली. त्यांना मधुमेह नव्हता, एचआयव्ही नव्हता, प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलं औषधही चालू नव्हतं. आयुष्यभर त्यांचं काम मात्र कुजणाऱ्या वनस्पती आणि बुरशीतच. पू काढला, दोन महिने बुरशीची गोळी दिली आणि ते बरे झाले. त्या वेळी व्हॉट्सअॅपवर 'आता झाडांचे रोग माणसाला' असं बरंच काही आलं. ते मनावर घेऊ नका. अशी घटना लाखात एक. आपल्याकडं खरी काळजी करायची ती उसाच्या पानाची.

आधी डोळा

उसाच्या पानाची कड हाताला लागते ती तिच्यावरच्या सिलिकाच्या बारीक दात्यांमुळं. वाकून कोयता मारताना, पाचट काढताना, वाड्याच्या मोळ्या बांधताना किंवा वाढलेल्या उसात खत टाकायला शिरताना तेच पान डोळ्यावर सपकन बसतं. हातावरचा ओरखडा दोन दिवसांत भरतो. डोळ्यावरचाही पुष्कळदा भरतो. पण पानासोबत फ्युजेरियम किंवा अॅस्परजिलसचे बीजाणू आत गेले, तर आठवड्याभरात बुबुळावर राखट पांढरा ठिपका दिसायला लागतो. सोयाबीन किंवा भाताच्या मळणीत उडालेलं कुसळही तेच करतं. १८७९ मध्ये लेबर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या आजाराची पहिली नोंद केली, तोही रुग्ण शेतकरीच होता. ओट्सची मळणी करताना त्याच्या डोळ्यात फोलकट गेलं होतं.

बुरशीचा व्रण फसवा असतो. जिवाणूंचा व्रण दोन दिवसांत डोळा लालबुंद करतो आणि माणूस ठणक्यानं विव्हळत दवाखाना गाठतो. बुरशी सावकाश चालते. सुरुवातीला नुसतं खुपतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही. 'डोळं आल्यात' म्हणून चार दिवस जातात, पुढचे चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपवर. तेवढ्यात बुरशीचे धागे कॉर्नियाच्या आतल्या थरांत पसरतात, आणि तिथं औषध पोचणं अवघड होतं. उशीर झालेला व्रण भरला तरी मागं कायमचा पांढरा डाग ठेवतो. गावाकडं याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात. फूल बुबुळाच्या मधोमध पडलं तर नजर गेली. मग इलाज उरतो तो नेत्ररोपणाचा, आणि बुरशी झालेल्या डोळ्यात रोपण टिकवणं डॉक्टरांनाही सोपं नसतं.

डोळे आलेत की व्रण आहे, हे घरच्या घरी ओळखायची एक साधी खूण आहे. साथीचे डोळे येतात ते बहुधा एकामागोमाग दोन्ही. चिपडं येतात, पण पुसल्यावर नीट दिसतं. एकच डोळा लाल, त्यालाच उजेड सोसवत नाही, आणि चांगला डोळा हातानं झाकल्यावर समोरच्या कॅलेंडरच्या तारखा धुरकट दिसतात, असं असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. बाजारच्या दिवसापर्यंत, टोळीला सुट्टी पडेपर्यंत थांबू नका.

ही घाई का, हे नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासातून कळतं. तिथं गावोगावच्या आरोग्यसेवकांना शिकवलं गेलं की डोळ्याला ओरखडा पडून कोणी आलं की तपासायचं आणि तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम लावायचं. इजा झाल्यावर १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेले ४९ होते. त्यांतल्या १४ जणांना झाला. मलम तेच, माणसंही त्याच गावांतली, फरक पडला तो एका दिवसाचा. डोळ्याला पान लागलं की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणं, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट आहे. जाण्याआधी स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, पट्टी बांधायची नाही. पानाकाडीची इजा झालेला डोळा बांधून ठेवला की आत उबारा तयार होतो आणि जंतूंचं फावतं.

आता न करायच्या गोष्टी. पदराच्या टोकानं किंवा जिभेनं कुसळ काढणारी एखादी जाणती बाई अजूनही गावागावांत असते. तिचा हात हलका असेल, माया खरी असेल, पण तोंडातले जंतू ताज्या जखमेत जातात. आईचं दूध, एरंडेल, मध, झाडपाल्याचा रस हे सगळंही डोळ्यापासून लांब ठेवा. पण या सगळ्यांपेक्षा मला धास्ती वाटते ती फ्रिजच्या दारात उभ्या असलेल्या एका छोट्या बाटलीची. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप! त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. ऑपरेशननंतर ते हवंच असतं, पण बुरशीच्या व्रणात तेच आगीत तेलासारखं पडतं. लाली उतरते, खुपणं थांबतं, माणूस म्हणतो 'गुण आला', आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एकही नाव दिसलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतः तपासून लिहून दिल्याशिवाय तो थेंब डोळ्यात जाऊ देऊ नका.

दवाखान्यात काय होतं हे आधी माहीत असलं की भीती कमी वाटते. डोळ्यात केशरी पट्टीनं रंग लावून निळ्या उजेडात पाहतात. जिथं कॉर्नियाची साल निघाली आहे तिथं हिरवं चमकतं. मग डोळा बधिर करून व्रणाच्या कडेवरचा अगदी कणभर भाग खरवडून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात, बुरशीचे फाटे फुटलेले धागे तेवढे शिल्लक राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अर्ध्या तासाच्या आत उत्तर मिळू शकतं. कल्चरला मात्र दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. खरवडायचं म्हटल्यावर पुष्कळ जण उठून घरी जातात. तसं करू नका. काचपट्टी न पाहता दिलेलं औषध हा अंदाजच असतो.

बुरशी निघाली तर बहुतेक वेळा पहिलं औषध नॅटामायसिन ५ टक्के. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागानं झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २०१३ मध्ये आले, ते व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमच्या व्रणात. औषध दुधट असतं आणि खाली बसतं. बाटली दर वेळी नीट हलवली नाही तर वरचं पाणीच डोळ्यात जातं आणि औषध तळाला राहतं. सुरुवातीला दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. घरातल्या दोघांनी रात्री वाटून घ्याव्या लागतात. डोळ्यात पांढरा थर साचल्यासारखा दिसतो तो औषधाचा असतो, घाबरून बंद करू नका. आठवडाभरात फरक दिसला नाही तर डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरांना कल्चरचं काय आलं ते विचारा. पिथियम नावाचा, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला एक जीव असाच व्रण करतो, आणि त्याला बुरशीची औषधं पुरी पडत नाहीत.

शहरातल्या वाचकांना हे सगळं रानातलं वाटत असेल, तर कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. २००६ मध्ये अमेरिकेत फ्युजेरियमच्या व्रणांची लाटच आली होती आणि तिचा माग लेन्स ठेवायच्या एका द्रावणापर्यंत लागला. लेन्स नळाच्या पाण्यात धुवू नका, डबीतलं कालचं द्रावण आज वापरू नका, लेन्स घालून झोपू नका.

फडात काम करताना डोळ्याला साधा पारदर्शक गॉगल पुरतो, वेल्डिंगवाल्याचा काळा नको. घामानं काच धुरकटते ही तक्रार खरी आहे. बाजूनं भोकं असलेला गॉगल घेतला तर ती कमी होते. टोळीच्या मुकादमानं किंवा कारखान्यानं तो दिला तर उत्तमच. दिला नाही तरी कोयत्याला धार लावायच्या खर्चासोबत हाही खर्च धरा.

पायातली न दुखणारी गाठ

दुसरा आजार मायसेटोमा, त्याचं जुनं नाव 'मदुरा फूट'. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातल्या जॉन गिल यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. पण त्याचा पुढचा इतिहास आपल्या बाजूचा आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या 'ग्रेज अॅनाटॉमी'च्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच सुमारास मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, आणि पुढं बरीच वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. हा आजार बुरशीचा आहे हे त्यांनी मांडलं, 'मायसेटोमा' हे नाव १८६० मध्ये दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र पुस्तक काढलं. हा शेतकऱ्याचा आणि अनवाणी माणसाचा आजार असल्यामुळं जगानं त्याच्याकडं किती दुर्लक्ष केलं ते पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो यायला २०१६ उजाडलं.

बाभळीचा किंवा बोरीचा काटा पायात मोडतो. काटा निघतो, माणूस विसरतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तिथं टणक गाठ येते. दुखत नाही, म्हणून दाखवलीही जात नाही. मग पाऊल सुजतं, गाठीला छिद्रं पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि त्या पाण्यात मोहरीपेक्षा बारीक दाणे असतात. न दुखणारी सूज, वाहणारी छिद्रं आणि दाणे, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मायसेटोमाचा संशय घ्यायचाच.

दाण्याचा रंग पाहून पुष्कळ काही कळतं. काळा दाणा म्हणजे बुरशी. लाल दाणा म्हणजे जिवाणू. पांढरा किंवा पिवळट असेल तर दोन्हीपैकी काहीही. हा फरक जिव्हाळ्याचा आहे, कारण जिवाणूंचा मायसेटोमा काही महिन्यांच्या अँटिबायोटिकनं चांगला बरा होतो, आणि बुरशीच्या मायसेटोमाला इट्राकोनाझोलसारखी गोळी वर्षभर किंवा जास्त घेऊन वर बहुधा शस्त्रक्रियाही करावी लागते. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री छिद्रावर स्वच्छ गॉज बांधा आणि सकाळी तो गॉज न टाकता स्वच्छ डबीत घालून सोबत न्या. दाणे त्याला चिकटलेले असतात. गाठ फोडून 'पू काढून' देणाऱ्याकडं मात्र जाऊ नका. अर्धवट कापलेली गाठ परत येते आणि खोल जाते.

कोल्हापुरी चप्पल जगात मिरवते, पण रानातला माणूस ती बांधावर काढून ठेवतो आणि चिखलात अनवाणी उतरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. भाताच्या चिखलणीत बूट घालून चालवतच नाही, हेही खरं. निदान कोरड्या रानात, काटेरी बांधावर, जळणाला जाताना पाय झाकेल असं काहीतरी घाला, आणि काटा मोडला की साबणानं धुऊन तो पुरता निघालाय का ते पाहा.

बाकीचे आजार थोडक्यात. हाताला काटा लागल्यावर काही आठवड्यांनी तिथं फोड आणि मग कोपराच्या दिशेनं एका रेषेत वर चढणाऱ्या गाठी आल्या, तर स्पोरोट्रायकोसिस असू शकतो. लहान, खेळत्या मुलाच्या मांडीवर किंवा कुल्ल्यावर टणक, न दुखणारी, कडेनं बोट घालून उचलता येईल अशी सूज हळूहळू पसरत असेल, तर ती कॅन्सरची असेलच असं नाही. बेडूक-पालींच्या आतड्यात राहणारी बॅसिडिओबोलस नावाची बुरशीही तसं करते आणि औषधानं जाते. गजकर्ण-नायटा दुर्मीळ नाही, तालमीतल्या पैलवानालाही होतो. पण औषधाला न जुमानणारा नायटा आता देशभर दिसतो, आणि त्याला खतपाणी घालतात ती क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन मिसळलेली मलमं. डोळ्याच्या थेंबांचा नियम मलमांनाही लावा.

पुराची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा गाळ घराघरांतून उपसताना पत्र्यानं, काचेनं कापून घेतलेले कितीतरी जण असतील. मातीत बुडालेल्या खोल जखमेत म्युकर गटातली, म्हणजे काळ्या बुरशीच्याच जातकुळीतली बुरशी धडधाकट माणसालाही गाठू शकते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोच्या वादळानंतर १३ जखमींना अशी बुरशी झाली, ५ दगावले. ती बुरशी अॅपोफायसोमायसिस वंशातली. या वंशाची पहिली ओळख झाली ती १९७९ मध्ये, उत्तर भारतातल्या आंब्याच्या बागेतल्या मातीतून. जखमेची कड अँटिबायोटिक चालू असतानाही काळी पडून रोज पुढं सरकत असेल, तर तिथं दिवसाची नव्हे, तासाची घाई असते. ड्रेसिंग बदलत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

डॉक्टरांना काय सांगायचं

दुर्मीळ बुरशीचं निदान चुकतं ते बहुधा एका वाक्यामुळं, जे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. डोळ्याला पान लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी इथंच काटा मोडला होता. हे तुम्हाला फालतू वाटेल, तरी सांगा. आतापर्यंत काय काय लावलं, कुठल्या मेडिकलमधून काय आणलं, तेही लाज न बाळगता सांगा. रिकाम्या बाटल्या आणि ट्यूब पिशवीत घालून न्या. वजन वाढवायची पावडर, सांधेदुखीच्या पुड्या घेत असाल तर त्याही, कारण त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. साखर आणि एचआयव्ही तपासून घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं तर अपमान वाटून घेऊ नका. काळ्या बुरशीच्या काळात कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे त्या दवाखान्यातच पहिल्यांदा कळलं. आणि घरच्यांनी ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही. नायटा सोडला तर इथं सांगितलेल्या बुरशीच्या आजारांतलं काहीच माणसाकडून माणसाला होत नाही.

कोल्हापुरात सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मिरजेतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी नेत्र, त्वचा, शस्त्रक्रिया हे विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा एकाच आवारात असतात; बुरशीच्या संशयात त्याचा मोठा फायदा होतो.

गाठीचा तुकडा काढणार असतील तर एक प्रश्न आधी विचाराच: "कल्चरला वेगळं पाठवणार ना?" तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा, एक फॉर्मॅलिनची आणि एक निर्जंतुक सलाइनची. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. सगळाच तुकडा त्यात बुडवला तर ती वाढवून तिची जात ओळखता येत नाही, आणि मग पुन्हा कापावं लागतं.

इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सुरू झाल्या तर त्या जेवणानंतर लगेच घ्या. तांबड्या रश्श्यानंतर अॅसिडिटीची गोळी घ्यायची सवय असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की हे औषध नीट शोषलं जात नाही. हृदय कमजोर असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते. औषध महिनोन्‌महिने चालतं, आणि गाठ दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर ते काही काळ चालू ठेवतात. पुढं पुण्या-मुंबईला दाखवायची वेळ आली तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. बायोप्सी केलेल्या लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, म्हणजे तिथले डॉक्टर तोच तुकडा पुन्हा तपासू शकतील.